डाव्या कृत्रिम पायाचे सॉकेट जुळवण्याची भेट : पहिला कोड कोणता आणि मजुरी वेगळी लावावी का?

पांढरकवड्याची कोडर
मी यवतमाळ जिल्ह्यातील माझ्या गावातून अमेरिकी दवाखान्यांच्या नोंदींचे कोडिंग करते, म्हणजे आजार व उपचारांना विम्याच्या दाव्यासाठी ठरलेले कोड लावते. मेडिकेअरच्या (अमेरिकेची सरकारी आरोग्य विमा योजना) एका रुग्णाचा डावा पाय गुडघ्याखाली कापलेला असून कृत्रिम पाय मिळून दोन महिने झाले आहेत. नोंदीत ‘सॉकेट (पायाचा उरलेला भाग ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा कप) सैल, जुळवून दिले’ एवढेच लिहिले आहे. अशा वेळी झेड ८९.५१२ (डावा पाय गुडघ्याखाली नसणे) पहिला ठेवावा की झेड ४४.१२२ (डावा आंशिक कृत्रिम पाय जुळवणे)? तसेच जुळवणीच्या मजुरीसाठी एल ७५२० हा कोड लावता येईल का?

नागपूरकर
रुग्ण पाय जुळवून घेण्यासाठीच आला असल्यामुळे झेड ४४ गटातील कोड पहिला येईल आणि अवयव नसल्याचे सांगणारा झेड ८९.५१२ त्याच्या मागे राहील. कृत्रिम पाय पूर्ण की आंशिक हे मात्र नोंदीतूनच ठरवावे. स्टम्पला (कापल्यावर उरलेल्या पायाच्या भागाला) जंतुसंसर्ग झाला म्हणून रुग्ण आला असता तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा त्या संसर्गाचा कोड टी ८७.४४ पुढे आला असता.

खरी अडचण मजुरीची आहे. पाय सुपूर्द केल्यापासून ९० दिवसांपर्यंतची जुळवणी मेडिकेअर मूळ पायाच्या रकमेतच धरते. मात्र ती स्टम्पमधील किंवा रुग्णाच्या कार्यक्षमतेतील बदलामुळे करावी लागली असेल, तर हा नियम तिला लागू होत नाही. आपल्या नोंदीत सॉकेट सैल का झाले हेच नाही, आणि एल ७५२० चा निर्णय तर त्या एका कारणावर अडलेला आहे.

वर्ध्याचा फिजिओ
शस्त्रक्रियेनंतर काही महिने सूज ओसरत जाते आणि स्नायूही आटतात, त्यामुळे पहिले सॉकेट सैल होणे नित्याचे असते. इकडे जयपूर फूट बसवलेले शेतकरीही हीच तक्रार घेऊन येतात आणि बहुतेक वेळा स्टम्पवर घालायच्या मोज्यांचे थर वाढवून काही काळ भागते. म्हणून नोंदीत मोज्यांचे थर किंवा स्टम्पच्या घेराची मापे सापडतात का, ते आधी पाहावे. सैल होण्याचे कारण अनेकदा तिथेच दडलेले असते.

त्याच दिवशी थेरपिस्टने चालण्याचा सराव घेतला असेल तर तो वेगळा विषय आहे. त्याचे कोड पहिल्या भेटीसाठी ९७७६१ आणि पुढच्या भेटींसाठी ९७७६३ असून दोन्ही १५ मिनिटांच्या एककाने मोजले जातात. मिनिटे लिहिलेली नसतील, तर एकके ठरवता येत नाहीत.

पांढरकवड्याची कोडर
मापे कुठेही नाहीत, सरावाचाही उल्लेख नाही. मग ‘स्टम्प आटल्यामुळे सॉकेट सैल झाले का?’ असे नोंद लिहिणाऱ्या तज्ज्ञांना विचारू का?

नागपूरकर
तसे विचारू नये, कारण त्या प्रश्नातच उत्तर आहे आणि दाव्याच्या तपासणीत ते आपल्यावर शेकते. ‘सॉकेट सैल होण्याचे वैद्यकीय कारण कृपया नमूद करावे’ असे मोकळे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत दावा रोखून ठेवावा.