रेंजर घ्यायचाय, २०१४चा की २०२४चा?

फाशांचा_फेरा:
डी अँड डीचं (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवरचा भूमिकांचा खेळ) नवं कॅम्पेन, म्हणजे सलग चालणारी साहसकथा, सुरू होतंय, पहिल्या लेव्हलपासून. डीएम (खेळ चालवणारा) म्हणतो, २०१४ किंवा २०२४च्या आवृत्तीचे, ज्याला जे नियम हवेत ते घ्या. मला रेंजर (जंगलात वावरणारा योद्धा) खेळायचाय आणि सोबत प्राणी हवाच. पण जिथे विचारावं तिथे एकच उत्तर, "त्यापेक्षा फायटरच्या हातात धनुष्य दे." खरंच इतका टाकाऊ आहे का हा क्लास (पात्राचा प्रकार)?

जुनाखेळिया:
टाकाऊ नाही हो, पण त्याचं बिऱ्हाड कायम पाठीवर! खेळाच्या १९७८च्या हँडबुकात तर तसा नियमच होता: स्वतः आणि घोडा वाहून नेईल तेवढीच मालमत्ता. तीनपेक्षा जास्त रेंजर एकत्र फिरायचे नाहीत, हाही एक. त्या बदल्यात पहिल्याच लेव्हलला दोन हिट डाइस (जीवशक्ती ठरवणारे फासे) मिळायचे आणि जायंट वर्गातल्या शत्रूंवर प्रत्येक लेव्हलमागे एक जादा डॅमेज. पुढच्या आवृत्त्यांत, १९८९मध्ये दोन्ही हातांत शस्त्रं आली, २००३मध्ये ती किंवा धनुष्य अशी निवड आली, २००८मध्ये मंत्रच काढून घेतले. हा नक्की कोण, हे दर वेळी नव्याने ठरवलं गेलं.

२०१४ची गोची वेगळीच. आपल्या ठरलेल्या प्रदेशात रेंजर असला की जादूचा प्रकार सोडला तर टोळी वाट चुकत नाही, शोधल्यास अन्न दुप्पट मिळतं. म्हणजे ज्या जंगलासाठी रेंजर घेतला ते जंगल डीएम एका वाक्यात उरकतो. आणि प्रदेश बदलला की हे सगळं बंद!

कोल्हेकुई:
+१. प्राणी हवा असेल तर २०१४चा मूळ बीस्ट मास्टर (प्राणी सोबत घेणारा रेंजर) अजिबात घेऊ नका. लांडग्याला चाव म्हणायचं तर तुमची ॲक्शन (फेरीतली मुख्य कृती) खर्च, तुम्ही नुसते बघत उभे. २०२०च्या टाशाच्या पुस्तकातला (पुरवणी नियमांचं पुस्तक) पर्याय घ्या, नाहीतर सरळ २०२४. दोन्हींत बोनस ॲक्शनवर (फेरीतली जादा छोटी कृती) हुकूम सोडता येतो.

जुनाखेळिया:
बरोबर, पण २०२४मध्ये हंटर्स मार्क (सावजावर खूण करून जादा डॅमेज देणारा मंत्र) लावायलाही बोनस ॲक्शनच लागते. म्हणून पहिल्या फेरीत मार्क लावा आणि आपल्या हल्ल्याच्या जागी प्राण्याला हल्ला करू द्या, तशी मुभा आहे. पुढच्या फेरीपासून दोघंही मारतील. फक्त मार्कचा जादा डाय (फासा) तुमच्या स्वतःच्या हल्ल्यांवर मिळतो, प्राण्याच्या हल्ल्यांवर अकराव्या लेव्हलआधी नाही. कॉन्सन्ट्रेशन (मंत्रावरचं लक्ष) सांभाळा, ते तुटलं की मार्क जातो. मार खाऊनही मार्क टिकतो तो थेट तेराव्या लेव्हलपासून. विसाव्या लेव्हलचं बक्षीस काय, तर मार्कचा डाय डी६चा (सहा बाजूंचा) डी१० (दहा बाजूंचा). एवढी वर्षं जंगल तुडवून हे!

फाशांचा_फेरा:
विसाव्यापर्यंत आमचं कॅम्पेन जात नाही, डीएमचं लग्न ठरलंय. 😄 मग २०२४ बीस्ट मास्टर नक्की. हातात धनुष्य की दोन शस्त्रं?

कोल्हेकुई:
धनुष्य. दोन शस्त्रांत निक मास्टरीची (शस्त्राचं खास कौशल्य) सिमिटर (वाकडी तलवार) घेतली तर दुसरा वार बोनस ॲक्शन न खाता बसतो, हे खरं. पण तुम्ही आणि लांडगा दोघंही पुढे उभे राहिलात तर हीलर तुमच्या नावाने बोटं मोडेल. आणि प्राण्याचं नाव आधी ठरवा, आमच्याकडे त्यावरच सगळा वेळ गेला होता.