मदत हवी आहे : यूएसबी-जीपीआयबी अडॅप्टर रात्रभराच्या नोंदणीत मध्येच दगा देतो

नमस्कार.

एका व्होल्टेज रेफरन्सचे, म्हणजे ठरावीक स्थिर व्होल्टेज देणाऱ्या सर्किटचे, मूल्य तापमानाबरोबर किती सरकते हे पाहण्यासाठी मी त्याचे सर्किट हीटर असलेल्या बंद पेटीत ठेवले आहे. त्याच पेटीत एक ऑसिलेटरही आहे. बाहेर साडेसहा अंकी मल्टिमीटर, जुना फ्रिक्वेन्सी काउंटर आणि पॉवर सप्लाय ही तीन उपकरणे एकाच जीपीआयबी बसवर, म्हणजे मोजमापाची उपकरणे संगणकाला जोडणाऱ्या सामायिक तारांवर, जोडलेली आहेत. पायथनमधला एक छोटा प्रोग्राम दर दहा सेकंदांनी मल्टिमीटर व काउंटर यांची वाचने घेऊन फाइलमध्ये लिहितो, आणि दर तासाला मल्टिमीटरचे एक सावकाश, म्हणजे शंभर पॉवर-लाइन सायकलचे (वीजपुरवठ्याच्या शंभर आवर्तनांइतका वेळ चालणारे) वाचन घेतो. संगणकावर लिनक्स आहे. बस संगणकाच्या यूएसबीला जोडणारा अडॅप्टर स्वस्तातला असून संगणकाला तो सीरियल पोर्ट म्हणून दिसतो.

अडचणी दोन आहेत आणि त्या एकच आहेत की वेगवेगळ्या, हाच माझा मुख्य प्रश्न आहे.

पहिली अशी की, काही तास सर्व सुरळीत चालल्यावर अचानक टाइमआउट येतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर येत नाही, आणि त्यानंतरची उत्तरे एकेक घर पुढे सरकतात. फाइलमध्ये जिथे काउंटरची वारंवारता असायला हवी, तिथे +४.९९९८७२१ई+०० असे लिहिलेले सापडते, जे उघडच मल्टिमीटरचे व्होल्ट आहेत. प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला तरी पहिले उत्तर जुनेच येते. अडॅप्टरची केबल काढून घातली की मात्र गाडी रुळावर येते. याशिवाय मल्टिमीटरच्या त्रुटी-यादीत अधूनमधून वजा ४२० हा क्रमांक दिसतो.

दुसरी अडचण अधिक त्रासदायक आहे. अडॅप्टर संगणकावरून पूर्णपणे नाहीसा होतो, कर्नलच्या नोंदींमध्ये यूएसबी तुटल्याची ओळ येते आणि क्षणभराने तोच अडॅप्टर दुसऱ्या पोर्ट क्रमांकाने परत येतो. हे बहुधा पेटीचा हीटर चालू किंवा बंद होताना घडते, असा माझा अंदाज आहे.

बसवरील तिन्ही उपकरणांचे पत्ते वेगळे आहेत, केबलींची एकूण लांबी मर्यादेच्या बरीच आत आहे, आणि यूएसबी केबल व संगणकावरील पोर्ट बदलून पाहिले आहेत. अडॅप्टर बदलण्यास माझी हरकत नाही, पण नेमका दोष कुठे आहे हे न कळता नवा घेतला, तर तीच कटकट दुप्पट किमतीत पुन्हा सुरू होईल. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

तुमच्या दोन्ही अडचणी वेगळ्या आहेत असे माझे मत आहे. मी फक्त पहिलीबद्दल लिहितो.

पुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर शंभर सायकलचे वाचन म्हणजे दोन सेकंद. ऑटो-झीरो चालू असेल तर मल्टिमीटर प्रत्येक वाचनाबरोबर शून्याचेही माप घेतो, म्हणजे चार सेकंद झाले. तुमच्यासारख्या सीरियल पोर्ट म्हणून दिसणाऱ्या बऱ्याच अडॅप्टरांत उत्तराची वाट पाहण्याची कमाल मर्यादा तीन सेकंदांची असते, आणि व्हिसा या उपकरणांशी बोलण्याच्या सॉफ्टवेअर लायब्ररीची मूळ मर्यादा तर दोनच सेकंदांची आहे. प्रोग्राम कंटाळून पुढे जातो, उत्तर उशिरा येऊन बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) पडून राहते आणि पुढच्या प्रश्नाला तेच हाती लागते. तासाच्या सावकाश वाचनानंतरच बिघाड सुरू होतो का, हे फाइलमधील वेळांवरून ताडून पाहा.

वजा ४२० चा अर्थ असा की, उपकरणाला बोलायला सांगितले गेले, पण त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. अडॅप्टरची ‘ऑटो’ सोय चालू असेल, तर तो प्रश्न नसलेल्या आज्ञेनंतरही उपकरणाला बोलते करायला जातो. ती सोय बंद करा आणि वाचनाची आज्ञा प्रत्येक वेळी स्वतः द्या. टाइमआउट आला तर लगेच पुढचा प्रश्न विचारू नका. आधी उपकरणाला डिव्हाइस क्लिअर ही आज्ञा पाठवा आणि मग सीरियल पोर्टचा इनपुट बफर रिकामा करा. डिव्हाइस क्लिअरने फक्त उपकरणातले बफर रिकामे होतात, अडॅप्टरमध्ये किंवा संगणकात अडकलेले अक्षर तसेच राहते.

प्रतिसाद

दुसऱ्या अडचणीत अडॅप्टर बिचारा निरपराध असू शकतो. हीटरचा कॉन्टॅक्टर (कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच) सुटताना त्याच्या कॉइलमधून उठणारा व्होल्टेजचा झटका अर्थिंगच्या वाटेने यूएसबीपर्यंत पोहोचतो, कारण जीपीआयबी केबलचे आवरण, उपकरणांची धातूची पेटी आणि संगणकाची अर्थ एकमेकांशी जोडलेली असतात. परीक्षा सोपी आहे : हीटर पूर्ण बंद ठेवून एक रात्र नोंदणी चालवा. अडॅप्टर एकदाही तुटला नाही, तर कॉइल एसी असल्यास आरसी स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) आणि डीसी असल्यास उलटा डायोड लावा. यूएसबी केबलवर फेराइट कडी हा त्यानंतरचा उपाय.

हीटर बंद असतानाही तुटत असेल, तर लिनक्सचा यूएसबी ऑटोसस्पेंड, म्हणजे वीज वाचवण्यासाठी रिकामे यूएसबी उपकरण झोपवण्याची सोय, बंद करून पाहा.

आणखी एक गोष्ट. जीपीआयबीच्या मानकानुसार, म्हणजे १९७५ च्या आयईईई ४८८ पासून, बसवरील चालकाने रेषा खाली ओढताना ४८ मिलिॲम्पिअर पेलणे अपेक्षित आहे. स्वस्त अडॅप्टरांत एवढा प्रवाह पेलणारी बस-ट्रान्सीव्हर चिप वगळून मायक्रोकंट्रोलरचे पाय थेट कनेक्टरला जोडलेले असतात. एका उपकरणाशी ते छान बोलतात, पण बसवर तीन-चार जण आले आणि त्यातला एखादा बंद अवस्थेत लटकत राहिला, की अक्षरे गळू लागतात. झाकण उघडून कनेक्टरजवळ वीस पायांच्या दोन चिप दिसतात का बघा. दिसल्या नाहीत, तर नवा अडॅप्टर घेण्याला माझ्या मते एवढे कारण पुरेसे आहे.

धागालेखक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. घरे सरकण्याची सुरुवात प्रत्येक वेळी तासाच्या वाचनानंतरच झालेली आहे. सावकाश वाचनाऐवजी आता दहा सायकलची दहा वाचने घेऊन प्रोग्राममध्ये सरासरी काढतो, आणि ऑटो सोय बंद केली आहे. त्यानंतर वजा ४२० दिसलेला नाही. हीटर बंद ठेवल्यावर अडॅप्टर रात्रभर टिकला. झाकण उघडले असता आत ट्रान्सीव्हर चिप दोन्ही आहेत, त्यामुळे अडॅप्टर बदलत नाही.

कॉन्टॅक्टरची कॉइल एसी आहे. स्नबरसाठी १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड ही जोडी चालेल का?

प्रतिसाद

सुरुवातीला हीच जोडी योग्य आहे. मात्र कपॅसिटर एक्स-२ वर्गाचाच, म्हणजे मेन्सवर लावण्यासाठी बनवलेला, घ्या, साधा डीसी कपॅसिटर मेन्सवर लावू नका, आणि स्नबर थेट कॉइलच्या टोकांवर बसवा. लांब तारांनी जोडलात तर त्याचा उपयोग निम्मा होतो.