दोन फाइलींसाठी अख्खा जार उलगडायचा कशाला?

खामलेकर
नागपूरला परसोडीच्या आयटी पार्कात आणि मिहानमध्ये जावावर काम करणारे इथे बरेच आहेत, त्यांच्यापुढे हे ठेवतो. आमचं उत्पादन एकच आणि ते जार म्हणून जातं, म्हणजे जावा प्रोग्रामच्या सगळ्या फाइली एकत्र बांधलेली एक फाइल. पण प्रत्येक ग्राहकाची एक प्रॉपर्टीज (सेटिंगची) फाइल आणि लोगो वेगळा. त्यासाठी अँट या बिल्डच्या (कोडपासून तयार माल बांधण्याच्या) साधनाची स्क्रिप्ट पूर्ण जार तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते, दोन फाइली बदलते आणि सगळं नव्याने कॉम्प्रेस करते. हजारो क्लास फाइली (कंपाइल झालेला जावा कोड) डिस्कवर लिहायच्या, वाचायच्या, पुसायच्या. तेही दर ग्राहकामागे.

हे बंद व्हायला हवं. जार म्हणजे झिपच. त्यात प्रत्येक फाइल स्वतंत्र कॉम्प्रेस केलेली असते आणि कोणती कुठे आहे याची यादी शेवटी असते. म्हणून न बदललेल्या फाइलींचे बाइट जसेच्या तसे नव्या जारमध्ये उतरवता येतात. फक्त बदललेल्या फाइली कॉम्प्रेस करायच्या आणि शेवटची यादी नव्याने लिहायची. जावा ७ पासून जेडीकेत (जावाच्या डेव्हलपर किटमध्ये) असलेली झिप फाइलसिस्टीम हेच करते, लिनक्सवरची झिप कमांडही. जेडीकेच्या जार कमांडचा 'यू' पर्याय मात्र यात धरू नका. तो डिस्कवर पसारा करत नाही, पण जुन्या नोंदी उलगडून पुन्हा कॉम्प्रेस करतो.

वेळेचं सोडा, उलगडण्यात धोकाही आहे. कोड आटोपशीर करणाऱ्या प्रोगार्डने नावं आखूड केली की एकाच पॅकेजमध्ये लहान 'ए' आणि मोठ्या 'ए' नावाचे दोन क्लास येऊ शकतात. विंडोज फाइलीच्या नावात लहान-मोठं अक्षर वेगळं धरत नाही, म्हणून तिथे उलगडलं की एक दुसऱ्यावर लिहिला जातो. बिल्ड मुकाट्याने पुढे जातं आणि क्लास सापडत नसल्याचं ग्राहकाकडे कळतं.

धरमपेठी
चुकीचं काम जलद कसं करायचं, एवढंच तुम्ही सांगताय. तयार झालेल्या जारला हात लावायचाच नाही. टेस्टिंगवाल्यांनी तपासला तो एक जार आणि ग्राहकाकडे गेला तो दुसरा, मग त्या तपासणीला काय अर्थ? बदलणाऱ्या फाइली बाहेर कॉन्फिग फोल्डरमध्ये ठेवा आणि सगळ्यांना एकच जार द्या.

शिवाय अँटमध्ये अपडेट चालू ठेवून जुन्याच जारवर पुन्हा पुन्हा लिहिणारे मी पाहिले आहेत. सोर्समधून काढून टाकलेला क्लास त्या जारमध्ये तसाच बसून राहतो.

खामलेकर
जुन्यावर लिहा असं मी म्हटलंच नाही. दर वेळी कोरा मूळ जार घ्यायचा. आणि बाहेर फोल्डर ठेवायचं म्हणता, तर आमचं डेस्कटॉप ॲप्लिकेशन आहे. दुकानदार एक फाइल कॉपी करतो आणि डबल क्लिक करतो. सोबतचं फोल्डर हमखास मागे राहतं.

मानेवाडेकर
धरमपेठी भाऊ, डिसेंबर २०२१ विसरले काय? लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीत सुरक्षेचं भोक सापडलं तेव्हा ज्यांना लगेच आवृत्ती बदलता येत नव्हती त्यांना ती बनवणाऱ्या अपाचेनेच सांगितलं होतं, झिप कमांडने जारमधून भोक असलेला जेएनडीआय लुकअपचा क्लास उडवा. एका ओळीचं काम. तेव्हा तयार जारला हात लावायचा नाही म्हणून बसले असते तर सर्व्हर उघडे पडले असते. तुम्ही नियम पकडून बसून राहिले, वेळ पाहून नाही राहिले.

धरमपेठी
विसरलो नाही, म्हणून तर बोलतोय. क्लास काढला तरी फाइलीवर जुनाच आवृत्ती क्रमांक राहिला. नावावरून तपासणारे स्कॅनर तो जार धोकादायकच दाखवत राहिले, आणि जारच्या पोटात दुसरा जार असेल तिथे ती एक ओळ पोहोचतच नव्हती. तो तात्पुरता बांध होता. आग लागल्यावर केलेलं काम रोजच्या बिल्डमध्ये आणू नका.

त्रिमूर्तीनगर
दोन गोष्टी राहून गेल्या. डिजिटल सही केलेल्या जारमधली फाइल बदलली की मॅनिफेस्टमधला (जारच्या आतल्या माहितीपत्रकातला) डायजेस्ट, म्हणजे त्या फाइलीचा ठसा, जुळत नाही आणि जावा सिक्युरिटी एक्सेप्शन फेकतं. म्हणजे आधी बदल, मग सही.

स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कचा जार असेल तर आणखी जपा. आतले लायब्ररी जार कॉम्प्रेस न करता साठवलेले लागतात. जार कमांडने 'यूएफ' देऊन नवी लायब्ररी आत टाकली की ती कॉम्प्रेस होते आणि ॲप्लिकेशन सुरू होतानाच पडतं. 'यूएफ'पुढे शून्य लावावं लागतं. मिहानमधल्या एका टीमची अख्खी दुपार यात गेलेली मी जवळून पाहिली आहे.

माझं मत खामलेकरांकडे झुकतं. पण बदल बिल्डच्या आतच व्हावा, कुणी सर्व्हरवर लॉगिन करून करू नये. आणि नव्या नोंदींची वेळ ठरावीक ठेवा, नाहीतर तोच माल घेऊन दर वेळी वेगळा चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला आकडा) येईल.

खामलेकर
ताई, हे मान्य. सही शेवटी करतो, वेळही ठरावीक देतो. धरमपेठींच्या शंकेसाठी मूळ जारचा चेकसम प्रत्येक ग्राहकाच्या मॅनिफेस्टमध्ये लिहितो. उलगडून पुन्हा बांधणं मात्र परत आणणार नाही.

धरमपेठी
लिहाल, पण ताडून कोण पाहणार? झिपच्या शेवटच्या यादीत प्रत्येक फाइलीचा सीआरसी, म्हणजे तसाच चेकसम, असतो. काहीही न उलगडता दोन्ही जारच्या याद्या वाचता येतात. सही करण्याआधी त्या लावून बघा. तुमच्या दोन फाइली आणि मॅनिफेस्ट सोडून कुठेही फरक दिसला तर बिल्ड तिथेच पाडा. ही तपासणी बिल्डच्या पाइपलाइनमध्ये येत नाही तोवर माझा विरोध कायम.