युवा कलाकार शिष्यवृत्ती: गुरूंचं प्रमाणपत्र नीट घ्या

बी. ए. संगीत करणाऱ्या मुलीने केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या युवा कलाकार शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा का, असं विचारलंय. जरूर करावा. वयोमर्यादा १८ ते २५, महिना ५,००० रुपये, मुदत २ वर्षं. मात्र पैसे दरमहा नाही, सहामाही हप्त्यांत येतात. त्यामुळे कॉलेजची फी या भरवशावर ठेवू नका.

किमान ५ वर्षांची तालीम लागते, आणि घोडं इथेच अडतं. विशारद या संगीत परीक्षेचं प्रमाणपत्र जोडलं की झालं, असं मुलांना वाटतं. पण तालीम कधीपासून कधीपर्यंत घेतली, हे गुरूंच्या सहीनिशी हवं. मध्ये गुरू बदलले असतील तर आधीच्या गुरूंचंही पत्र घ्या. नुसतं 'गुणी विद्यार्थिनी आहे' असं लिहिलेलं पत्र निरुपयोगी. दहावीची सनद, आधार आणि बँक खात्यावरचं नावही एकसारखं असू द्या.

प्रत्यक्ष चाचणीत वेळ मोजका असतो. आलापातच, म्हणजे सुरुवातीच्या संथ स्वरविस्तारातच, तो संपवू नका. बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतली रचना, आटोपशीर मांडून द्रुतकडे, म्हणजे जलद बंदिशीकडे वळा. जवळच्या रागांची तयारी हवीच. भूप राग गायलात तर देशकार राग विचारतील. स्वर तेच, पण भूपात गंधार वादी (मुख्य स्वर), देशकारात धैवत, आणि देशकाराचं चलन (रागाची चाल) उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागात. हे तोंडी सांगून भागत नाही, गाऊन दाखवावं लागतं.