अनुभव धागा: कॅम्पर गळतेय? मृगाच्या आत लिहा

जळगावचा फिरस्ता (धागाकर्ता)
मंडळी, ट्रॅव्हलर नाहीतर विंगर अशा व्हॅनमध्ये बेड, ओटा, टाकी बसवून (म्हणजे कॅम्पर करून) फिरणारे आपल्याकडेही वाढलेत. मे महिन्यात छपराला हात लावता येत नाही आणि मृगाचा पाऊस आला की नेमकं गादीवर टपकतं. कोणाचं कुठून गळलं, कसं सापडलं, काय केलं ते सविस्तर लिहा. नुसतं "चांगलं सिलिकॉन मारा" नको, ते सगळ्यांनी मारलेलंच आहे.

तापीकाठ
आमच्याकडे पाणी टपकायचं बेडच्या डोक्याशी, म्हणून सगळे रूफ व्हेंटवर (छपरातल्या हवेच्या झडपेवर) संशय घेत होते आणि बाबा प्रत्येक पावसात एकच विचारायचे, हाई पानी कथाईन ऊनं? शेवटी पाइप लावून बघितलं. आधी खालच्या खिडकीवर पाच-सात मिनिटं, मग थोडं वर, मग आणखी वर, आत बायको टॉर्च घेऊन बसलेली. एकदम छपरावर पाणी मारलं की सगळीकडेच ओल दिसते, काही कळत नाही. मागच्या वरच्या लाइटवर धार गेली आणि ती आतून ओरडली, आलं आलं! लाइटच्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरून फ्रेमच्या चौकोनी पाइपवरून पुढे सरकत बेडवर उतरत होतं. व्हेंट बिचारा कोरडा ठणठणीत.

भुसावळ जंक्शन
मी सिलिकॉनच्या विरोधातला माणूस. सिलिकॉनवर दुसरं काहीच धरत नाही, रंग नाही, नवं सीलंट नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नीट नाही. त्यामुळे गळतंय म्हणून वर आणखी एक थर मारला की तो पुढच्या उन्हाळ्यात सालीसारखा निघतो. जुनं प्लास्टिकच्या पट्टीने पूर्ण खरवडायचं, जागा स्पिरिटने पुसायची, मग पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. आणि व्हेंट, खिडकीची फ्रेम असं काही परत बसवताना खाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), ती कडक होत नाही म्हणून पत्रा हलला तरी सोबत हलते. पत्रा हलतोच, हिशोब करा ना, पाच मीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा 40 अंशांच्या फरकाने साधारण साडेचार मिमी लांबतो, आणि आपल्याकडे पहाटेचं आणि दुपारचं छप्पर यात तेवढा फरक सहज पडतो. कडक मसाला भरला असेल तर तडकणारच. एमसील छपरावर लावणाऱ्यांना तर मी नमस्कार करतो.

भरीतपुरी (धुळे)
भाऊ, गच्चीचं वॉटरप्रूफिंग मारलं तर? आमच्या बॉडीवाल्याने तेच मारून दिलं, वर गॅरंटी. पहिल्या पावसाळ्यात छान होतं. दुसऱ्या वर्षी आत शिरलं की कुबट वास, उदबत्ती लावून लावून कंटाळले. दिसायला भिंत एकदम चकाचक, पण खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात अंगठा दाबला तर प्लाय आत गेला. लॅमिनेट उचकटलं तर मागे काळी बुरशी, प्लायचे पदर सुटे, स्क्रूला पकडच नाही. वरून फुगलेल्या कोटिंगखाली पाणी साठून होतं, ऊन पडलं तरी निघायला वाटच नाही. सडलेला भाग कापला, बरेच दिवस पंखा लावून ठेवला आणि मिस्त्री रोज म्हणायचा ताई आता लावू का, मी म्हणायचे नाही. ओल्यावर नवा प्लाय ठोकला असता तर परत तेच.

भुसावळ जंक्शन
ताई तेच म्हणतोय, कोटिंग वाईट नाही, पण सांधा बंद न करता वरून पांघरूण घातलं तर रोग आतच राहतो.

शहादा ते तोरणमाळ
सगळी गळती पावसाची नसते हो. तोरणमाळला मुक्कामाला होतो, पाऊस अजिबात नाही, तरी ओट्याखालची फळी ओली. रात्री शांततेत ऐकलं तर पाण्याचा पंप मधूनच टक् टक् करून बंद व्हायचा, नळ एकही उघडा नाही. प्रेशर पंप नळ बंद असताना गप्प बसायला हवा. तो मधूनच सुरू होत असेल तर दाब कुठेतरी उतरतोय, एकतर जोडातून गळतं किंवा पंपाच्या आतला वॉल्व्ह पाणी टाकीकडे परत सोडतो. आमच्याकडे घरासारखा कडक पाइप टाकलेला, घाटातल्या धक्क्यांनी एल्बोलाच (पाइपच्या वळणावरच्या जोडाला) बारीक चीर. लवचिक होज आणि क्लिप टाकल्या, पंपाच्या दोन्ही बाजूंना तर होजच हवा. जोडांवर टिश्यू पेपर गुंडाळून ठेवा, कुठला ओला होतो ते लगेच दिसतं.

जळगावचा फिरस्ता
भारी माहिती येतेय. भुसावळकर, पीयू लावल्यावर गाडी कधी काढायची? मेमध्ये लगेच वाळत असेल ना?

भुसावळ जंक्शन
उलट! ते उन्हाने नाही, हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं, म्हणून आपल्या कोरड्या मेमध्ये जास्त वेळ घेतं. वरून साय धरली म्हणजे झालं असं समजू नका, जाड थर असेल तर दोन-तीन दिवस गाडी सावलीत उभी ठेवा. आणि तापलेल्या पत्र्यावर दुपारी लावायला जाऊ नका, सकाळी लवकर लावा.