तेल्यावरचे औषध संगणकावर शोधता येईल का?

प्रश्न (डाळिंबकरी, आटपाडी)
आमची तीन एकर डाळिंबाची बाग आहे. मृग बहरात पाऊस लांबला की तेल्या येतो, फळावर तेलकट डाग पडून ते तडकते, आणि बोर्डो मिश्रण व स्ट्रेप्टोसायक्लिन (स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण) आलटूनपालटून फवारण्यापलीकडे हाती काही उरत नाही. त्यातही शेतीतील स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिनचा वापर बंद करण्याचा मसुदा केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये काढला होता, कारण हीच प्रतिजैविके माणसांच्या उपचारालाही लागतात. संगणकाने नवी औषधे शोधतात, असे माझी फार्मसीला असलेली मुलगी सांगते. ते आमच्या उपयोगी पडेल काय?

उत्तर (रेणुवेध, कराड)
कन्येचे म्हणणे बरोबर आहे. तेल्याचा जिवाणू झँथोमोनास वंशाचा. त्याला अत्यावश्यक असलेले एक प्रथिन निवडून त्याच्या खाचेत लाखो रेणूंपैकी कोणते नीट बसतात, हे संगणकाकडून तपासून घेतात. याला डॉकिंग म्हणतात. प्रथिनाची रचना ठरवण्यात पूर्वी वर्षे जात, आता अल्फाफोल्ड ही संगणकप्रणाली ती अमिनो आम्लांच्या क्रमावरून बऱ्याच अंशी वर्तवते (२०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल याच कामाशी निगडित आहे). माझ्या मते कस लागतो तो प्रथिन निवडताना, कारण ते माणसात किंवा मधमाशीत असून चालत नाही. हा जिवाणू सुईसारख्या यंत्रणेने आपली प्रथिने झाडाच्या पेशीत टोचतो. ती सुईच निकामी करणारे रेणू शोधणे मला अधिक आशादायक वाटते.

उत्तर (द्राक्षबागाईतदार, तासगाव)
आमच्याकडे अॅझॉक्सिस्ट्रोबिन या बुरशीनाशकाच्या गटाला डाऊनी (केवडा रोग) जुमानेनाशी झाली, ती तिच्या सायटोक्रोम-बी प्रथिनातील १४३ व्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी अॅलानिन आल्यामुळे. संगणकाच्या औषधाचे वेगळे काय होणार?

उत्तर (रेणुवेध, कराड)
तेच होऊ शकते. फार तर असा बदल प्रारूपात आधीच घालून, तरीही चिकटणारा रेणू निवडता येतो. शिवाय डॉकिंगमध्ये उत्तम ठरलेला रेणू जिवाणूच्या दुहेरी आवरणातून आत शिरेल, उन्हात टिकेल, पावसात धुऊन जाणार नाही आणि पालवी करपवणार नाही, याची हमी संगणक देत नाही. त्यासाठी बशीतले, कुंडीतले आणि मग बागेतले प्रयोग करावे लागतात, आणि त्यानंतर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी. तोवर आपण रोगट फळे व फांद्या बागेबाहेर नेऊन नष्ट कराव्यात आणि जमल्यास हस्त बहर (सप्टेंबर-ऑक्टोबरचा) धरावा, हे बरे.

डाळिंबकरी, आटपाडी
आभारी आहे. यंदा हस्तच धरतो. या जिवाणूचा जनुकक्रम कोठे मिळेल, असे मुलगी विचारते.

रेणुवेध, कराड
जेनबँक या जनुकक्रमांच्या सार्वजनिक संग्रहात विनामूल्य मिळेल.