डिझेल फोर्कलिफ्टऐवजी विजेवरची घेतल्यास उत्सर्जन नेमके किती घटते?

प्रश्न (गोदाम व्यवस्थापक, अंबड)

आमच्याकडे तीन टनी डिझेल फोर्कलिफ्ट दोन पाळ्यांत चालतात. डिझेलची नोंदवही आणि तास-मीटर ताडून पाहिले असता ताशी सरासरी तीन लिटर डिझेल लागते. एका निर्यात ग्राहकाने उत्सर्जनाचा हिशेब मागितला आहे आणि विक्रेते विजेवरच्या गाडीला ‘शून्य उत्सर्जन’ म्हणतात. हा दावा हिशेबात टिकेल का? बॅटरी लेड-ॲसिड घ्यावी की लिथियम?

ऊर्जा लेखापरीक्षक, सातपूर

गोदामाच्या चार भिंतींपुरता तो टिकेल, विजेसकट मांडल्यास टिकणार नाही. उत्सर्जनाच्या हिशेबात डिझेल स्कोप 1 मध्ये (स्वतःच्या गाड्या-यंत्रांतून थेट निघणारे उत्सर्जन) धरतात आणि विकत घेतलेली वीज स्कोप 2 मध्ये (ती वीज बनवताना इतरत्र होणारे उत्सर्जन), त्यामुळे ग्राहक दोन्ही आकडे मागणारच. एक लिटर डिझेल जळताना सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे आपली गाडी ताशी आठ किलोच्या आसपास सोडते. त्याच कामासाठी बॅटरीतून ताशी सहा युनिट लागतात असे धरू. लेड-ॲसिड बॅटरी आणि चार्जर यांत मिळून पाव वीज वाया गेली, तर मीटरवर आठ युनिट पडतील आणि देशातील ग्रिडच्या सुमारे 0.7 किलो प्रति युनिट या दराने साडेपाच किलोंहून थोडे अधिक उत्सर्जन होईल. लिथियममध्ये नुकसान दहा टक्के धरल्यास हा आकडा पावणेपाच किलोंवर येतो. घट आहे, पण शून्य नव्हे. उरलेला धूर एकलहऱ्यासारख्या कोळशावरच्या वीजकेंद्रांत निघतो.

खरा फरक चार्जिंगच्या वेळेने पडतो. लेड-ॲसिडला पूर्ण चार्जिंगसाठी साधारण आठ तास आणि नंतर थंड होण्यास वेळ लागतो, त्यामुळे दोन पाळ्यांच्या गोदामात ते रात्रीच करावे लागते आणि छतावरील सौर पॅनेल असून नसल्यासारखे होतात. लिथियम जेवणाच्या सुट्टीत वा चहाच्या वेळी थोडेथोडे चार्ज करता येते. सौर पॅनेल बसवणार असाल, तर माझे मत निःसंशय लिथियमच्या बाजूने आहे.

देखभाल अभियंता, सिन्नर

वरील हिशेबात एक दुरुस्ती आवश्यक वाटते. तास-मीटर इंजिन सुरू असेपर्यंत फिरतो, मग गाडी ट्रकची वाट पाहत डॉकवर उभी का असेना. विजेवरची गाडी मात्र उभी असताना जवळजवळ काहीच खात नाही. म्हणून तुलना ताशी न करता हलवलेल्या पॅलेटमागे (माल रचलेल्या फळीमागे) करावी. त्यात विजेची बाजू आणखी वरचढ ठरेल, आणि चालकांना इंजिन बंद ठेवायला लावल्यास आजच्याच डिझेल गाड्यांचा आकडाही खाली येईल.

लेड-ॲसिड घेतल्यास चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, त्यामुळे हवा खेळती असलेली स्वतंत्र जागा आणि डिस्टिल्ड वॉटरची नियमित भर अपरिहार्य आहे. तसेच विजेच्या गाडीत बॅटरीचे वजन हेच पुढे उचललेला भार तोलून धरणाऱ्या समतोलाचा भाग असते. पुढे कधी त्याच गाडीत हलकी लिथियम बसवली, तर उत्पादकाकडून समतोल वजन व भारक्षमता तपासून घेतल्याशिवाय ती चालवू नये.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. सौर पॅनेलचा प्रस्ताव मांडत आहोत. याच गाड्या द्राक्षांच्या शीतगृहातही चालतील का?

देखभाल अभियंता, सिन्नर

चालतील, मात्र लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली असताना चार्ज केल्यास तिला कायमची इजा होते. द्राक्षे शून्याच्या आसपासच ठेवली जात असल्याने चार्जर खोलीबाहेर ठेवावा आणि शीतगृहासाठी बनवलेली आवृत्ती मागावी.